उशाशी बसलेली बाई

१८८६ च्या ऑक्टोबरात क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, शरद प्रदर्शन भरलं. त्यात एडवर्ड मुंक नावाच्या बावीस वर्षांच्या चित्रकाराचं एक जवळजवळ चौरस तैलचित्र होतं. त्याच्यापुढे नाव लिहिलेलं होतं, ‘अभ्यासचित्र’. बस्स, एवढंच. चित्रात कोण आहे, काय चाललंय, कशाचा अभ्यास, याबद्दल एक अक्षर नाही. आज जग त्याला ‘आजारी मूल’ या नावाने ओळखतं आणि विसाव्या शतकातल्या अभिव्यक्तिवादाचं मूळ शोधणारे अभ्यासक मागे मागे जात याच कॅनव्हासपाशी येऊन थांबतात.

या चित्राबद्दल इतकं लिहिलं गेलंय की चित्र आणि दंतकथा आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. म्हणून इथे एकच करायचं आहे. हाती असलेले कागद एकापुढे एक मांडायचे, प्रत्येक कागद घटनेपासून किती वर्षं लांब आहे ते पाहायचं, आणि शेवटी ते सगळे कॅनव्हासशी ताडून घ्यायचे.

आधी कॅनव्हास. उंची सुमारे १२० सेंटिमीटर, रुंदी साधारण तेवढीच. मधोमध एक लालसर केसांची मुलगी. पाठीशी मोठी पांढरी उशी, पायांवर हिरवट पांघरूण. मुलगी आपल्याकडे बघत नाही. तिचा चेहरा उजवीकडे वळलेला आहे आणि तिकडे गडद पडदा आहे. तिच्या बाजूला काळ्या कपड्यांतली एक बाई मान खाली घालून बसली आहे. बाईचा चेहरा दिसत नाही, फक्त डोकं आणि अंबाडा दिसतो. डावीकडे एक बाटली, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक पेला. औषध आणि पाणी. आजारपणाच्या खोलीत जे असतं ते, आणि त्यापलीकडे काही नाही.

चित्राच्या मध्याशी, किंचित खाली, मुलीचा आणि बाईचा हात एकत्र आलेले आहेत. जवळ जाऊन बघितलं तर तिथे बोटं नाहीत. एका हाताची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते रंगात सापडत नाही. रंगाचा एक जाड, घासलेला डाग आहे फक्त. दोन पावलं मागे सरकलं की तोच डाग घट्ट धरलेला हात होतो. ज्याने कुणी रात्र रात्र एखाद्याच्या उशाशी बसून काढली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तासाभराने आपला हात कुठला आणि त्याचा कुठला, ते आपल्यालाही कळेनासं होतं.

आता कागद. पहिला प्रश्न असा की ही बाई कोण? चित्र पाहणारे बहुतेक जण चटकन म्हणतात, आई. कुटुंबाच्या नोंदी वेगळं सांगतात. मुंकची आई लॉरा क्षयाने गेली ती २९ डिसेंबर १८६८ रोजी. तेव्हा एडवर्ड पाच वर्षांचा होता आणि थोरली बहीण सोफी सहा वर्षांची. सोफीही क्षयानेच गेली, १५ नोव्हेंबर १८७७ रोजी, पंधराव्या वर्षी. म्हणजे सोफीच्या उशाशी आई असणं शक्यच नव्हतं. ती जाऊन नऊ वर्षं होत आली होती. त्या नऊ वर्षांत हे घर जिने सांभाळलं ती आईची धाकटी बहीण, कारेन ब्योल्स्ताद. पाच मुलं, लष्करी डॉक्टर असलेला धर्मभीरू मेहुणा आणि कायम ओढगस्तीचा संसार. मावशीने लग्न केलं नाही. १९३१ साली ती वारली तोवर भाच्याशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. मुंकच्या मृत्यूनंतर त्याची बहीण इंगेर हिने १९४९ मध्ये कुटुंबाची पत्रं पुस्तकरूपाने छापली. ती वाचली की या घराचा कणा कोण होता याबद्दल शंका उरत नाही.

चित्रातल्या बाईसाठी मुंकने याच मावशीला समोर बसवलं. मराठीत मावशीबद्दल ‘माय मरो नि मावशी उरो’ म्हणतात, त्यातलं दुःख आणि आधार दोन्ही या खाली घातलेल्या मानेत आहेत. चेहरा झाकलेला आहे म्हणून ती मावशीही राहते आणि आईही होऊ शकते. हे माझं अनुमान आहे, कागदावर असं कुठे लिहिलेलं नाही. पण तारखा मात्र पक्क्या आहेत, आणि तारखांमुळेच हे अनुमान करावंसं वाटतं.

दुसरा प्रश्न, मुलगी कोण? चित्र रंगवायला घेतलं १८८५ मध्ये, सोफी जाऊन आठ वर्षं झाल्यावर. समोर बसली होती बेट्सी नील्सन नावाची अकरा वर्षांची मुलगी. तिच्या भावाचा पाय मोडला होता आणि मुंकचे वडील डॉक्टर म्हणून त्याला बघायला गेले होते. एडवर्डही बरोबर होता. भावासाठी रडून लाल झालेले तिचे डोळे त्याने पाहिले आणि तिला समोर बसायला विचारलं. म्हणजे आजारी मुलीच्या चित्रासाठी बसलेली मुलगी आजारी नव्हती. ती दुसऱ्याच्या दुखण्याने कळवळलेली बहीण होती. मुंक आपल्या बहिणीचं चित्र काढायला निघाला होता, आणि त्याला जो चेहरा मिळाला तो त्याच्या स्वतःच्याच जागी उभ्या असलेल्या भावंडाचा होता. मला या साऱ्या कागदपत्रांत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

सोफी पंधराची, बेट्सी अकराची. सोफी गेली तेव्हा एडवर्ड तेरा वर्षांचा, चौदाव्याला महिना बाकी. त्याच्या आदल्या वर्षीच्या नाताळात तो स्वतः रक्त ओकत अंथरुणाला खिळला होता आणि वडील बिछान्यापाशी प्रार्थना करत होते. तो जगला, ती गेली. पुढे आयुष्यभर त्याने हे पुन्हा पुन्हा लिहून काढलं, कधी ‘मी’ म्हणून, कधी तृतीयपुरुषी, नावं बदलून. ही टिपणं ओस्लोच्या मुंक संग्रहालयात आहेत. मात्र ती रोजनिशीसारखी वाचू नयेत. घटनेच्या दिवशी लिहिलेलं त्यात फार थोडं आहे. बरंचसं मागे वळून लिहिलेलं, पुन्हा लिहिलेलं, कथेच्या अंगाने गेलेलं आहे. त्यांच्यावरून सोफीच्या शेवटच्या दिवसाचा तासांचा हिशेब मांडणारे लेखक कागदाकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मागतात.

एक तारीख कुटुंबाबाहेरची आहे, पण ती सोडून चालणार नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. सोफीच्या मृत्यूनंतर चारेक वर्षांनी, चित्राच्या तीन वर्षं आधी. म्हणजे चित्र रंगवताना रोगाचं कारण ठाऊक झालेलं होतं, इलाज नव्हता. डॉक्टर बापाच्या घरात ती अगतिकता काय असेल! चित्रातली बाटली पाहताना मला दरवेळी हेच आठवतं. ती तिथे आहे, आणि तिचा उपयोग नाही.

आजारी मुलं रंगवणारा मुंक एकटा नव्हता. तो स्वतःच उतारवयात येन्स थीस या कलाइतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांना उशांचा काळ म्हणतो. उशीला टेकून बसवलेलं आजारी मूल हा त्या पिढीच्या चित्रकारांचा आवडता विषय होता. त्याचा मार्गदर्शक क्रिस्तियान क्रोग याने १८८०-८१ मध्येच ‘आजारी मुलगी’ रंगवली होती. तीही पांढऱ्या उशीला टेकलेली, हातात कोमेजतं गुलाबाचं फूल. क्रोगचीही बहीण क्षयाने गेली होती. क्रोगची मुलगी थेट आपल्या डोळ्यांत बघते. तिचा प्रत्येक केस, घोंगडीचा प्रत्येक धागा जागच्या जागी आहे. ते चित्र थोर आहे, त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. फरक एवढाच की क्रोगने खोलीच्या दारात उभं राहून पाहिलं आणि मुंक खोलीच्या आत होता. मुंकने पुढे लिहून ठेवलंय की ज्या खुर्चीत त्याने आजारी मुलीला बसवलं, त्याच खुर्चीत आईपासून त्याची सगळी माणसं हिवाळ्यामागून हिवाळे उन्हाची वाट बघत बसली होती, आणि तोही.

चित्र कसं घडलं याची सर्वांत तपशीलवार हकिकत मुंकचीच आहे, ‘जीवनमालिकेचा जन्म’ या छोट्या पुस्तिकेत. ती १९३० च्या आगेमागे लिहिली गेली, म्हणजे चित्रानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. तो सांगतो ते असं. पांढऱ्या उशीवर लाल केसांचं ते फिकट डोकं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनावर जो ठसा उमटला, तो रंगवता रंगवता निसटला. कॅनव्हासवर चांगलं पण निराळंच चित्र तयार झालं. मग वर्षभरात त्याने ते वीसेक वेळा पुन्हा रंगवलं. खरवडलं, टर्पेंटाइनने विरघळू दिलं, पुन्हा लावलं. थरथरते ओठ, पारदर्शक कातडी, थकलेली हालचाल, हे त्याला परत हवं होतं. एकदा त्याच्या लक्षात आलं की डोळे बारीक करून पाहताना त्याच्या स्वतःच्या पापण्यांचे केसही दृश्यात उतरतात. त्याने तेही सावलीसारखे रंगवून टाकले.

चाळीस वर्षांनंतरच्या या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा? कॅनव्हास जेवढी ग्वाही देईल तेवढा. रंगाचे थर खडबडीत, जाड आहेत. त्यांवर उभे-आडवे ओरखडे आहेत, काही ओल्या रंगात कुंचल्याच्या दुसऱ्या टोकाने ओढल्यासारखे. खाली गाडलेला रंग मध्येच उघडा पडतो. पुन्हा पुन्हा मोडून केलेलं चित्र आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ‘वीस’ हा आकडा अक्षरशः घेण्याची गरज नाही. दमलेला माणूस ‘वीसदा सांगितलं’ म्हणतो तसा तो आहे.

पापण्यांची गोष्ट मात्र मी पूर्ण गांभीर्याने घेतो. हकिकतीतला तो असा तपशील आहे जो दंतकथा रचायला बसलेल्या माणसाला सुचत नाही. तो काम करणाऱ्यालाच सुचतो. आणि त्याचा अर्थ फार मोठा आहे. समोरचं दृश्य जसं आहे तसं उतरवणं हा त्या काळच्या निसर्गवादाचा धर्म होता. मुंकने पाहणाऱ्याचे डोळेही दृश्यात घेतले. आजारी मुलगी कशी दिसते याहून ती तिच्या जवळच्या माणसाला कशी दिसते, हा त्याचा विषय झाला. पुढे ज्याला अभिव्यक्तिवाद म्हणायचं, त्याची सारी मांडणी या एका कृतीत आहे.

प्रदर्शनातले कागद सर्वांत भरवशाचे, कारण ते त्याच दिवसांतले. वर्तमानपत्रांनी झोडपलं. आंद्रेआस आउबर्ट हा जाणता समीक्षक. त्याने मुंकमध्ये प्रतिभा आहे हे मान्य केलं, पण हे चित्र म्हणजे अर्धवट पुसून टाकून दिलेलं कच्चं काम आहे असा निवाडा दिला. दुसऱ्या बाजूने लेखणी उचलली हान्स येगरने. आदल्या वर्षीच क्रिस्तियानियातल्या बंडखोर तरुणांवरची त्याची कादंबरी सरकारने जप्त केली होती आणि त्यापायी त्याला तुरुंगाची शिक्षा झाली होती. तंत्रातले दोष त्यानेही दाखवले, पण लोक हसतात त्या चित्रात काहीतरी अस्सल आहे हे त्याने छापून सांगितलं. मुंकची स्वतःची आठवण अशी की उद्घाटनाला तो दालनात शिरला तेव्हा चित्रापुढे गर्दी होती, हसणं-ओरडणं चालू होतं, आणि बाहेर एका तरुण निसर्गवादी चित्रकाराने त्याला तोंडावर भोंदू म्हटलं. ही आठवण उशिराची आहे, पण येगरच्या लेखाशी ती जुळते.

आउबर्ट चुकला असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मला तो प्रामाणिक वाटतो. त्याने जे पाहिलं ते खरंच कॅनव्हासवर होतं. पुसलेपण होतं, अपुरेपण होतं. ते दोष म्हणून मोजायचं की आशय म्हणून, एवढाच वाद होता, आणि १८८६ मध्ये आशय म्हणून मोजायची मापं कुणाकडेच नव्हती. मुंकने चित्र क्रोगला देऊन टाकलं.

त्यानंतर मुंक काही वर्षं मागे हटला. १८८९ मध्ये त्याने ‘वसंत’ हे मोठं चित्र काढलं. पुन्हा आजारी मुलगी, पुन्हा शेजारी बसलेली बाई, पण आता खिडकीतून ऊन येतंय, पडदे वाऱ्याने फुगलेत, हात-बोटं सगळं नीट. कसबाबद्दल कुणी बोट ठेवू नये म्हणूनच जणू ते रंगवलं होतं. त्याच वर्षी त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पॅरिसला गेला. तिथेच नोव्हेंबरात वडील गेल्याची बातमी पोहोचली.

पण जुनं चित्र त्याला सोडेना. १८९४ मध्ये बर्लिनला असताना त्याने त्याचं ड्रायपॉइंट छापचित्र केलं. १८९६ मध्ये पॅरिसला ओगुस्त क्लोच्या छापखान्यात रंगीत शिळाछाप काढला. यात बाई नाही, हात नाहीत, फक्त उशीवरचं मुलीचं डोकं, बाजूने दिसणारं. त्या प्रसंगाला हजर असलेल्या पाउल हेरमान या चित्रकाराने आठवण सांगितली आहे. दगड ओळीने मांडून ठेवलेले, मुंक समोर येऊन उभा राहतो, डोळे मिटतो, हवेत बोट फिरवत रंगांची नावं सांगतो, राखाडी, हिरवा, निळा. डोळे मिटून रंग सांगता यावेत इतकं ते डोकं त्याच्यात मुरलेलं होतं.

त्याच वर्षी ओलाफ स्काऊ या संग्राहकासाठी त्याने तेच तैलचित्र पुन्हा रंगवलं. ते आज स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला आहे. १९०७ मध्ये आणखी दोन. १९२० च्या दशकात आणखी दोन. एकूण सहा तैलचित्रं, चाळीस वर्षांत. पैशासाठी स्वतःचीच नक्कल करतो, असा आरोप त्याच्यावर झाला आणि त्याने तो फेटाळला. मागणीवरून काही चित्रं झाली हे खरंच आहे, स्काऊने आणि स्टॉकहोमच्या एर्नेस्ट थीलने ती सांगून करून घेतली. पण शेवटची दोन त्याने स्वतःपाशीच ठेवली. विकण्यासाठीच रंगवत असता तर ती घरात राहिली नसती.

१९०७ च्या दोन चित्रांतल्या एकाच्या वाट्याला वेगळाच प्रवास आला. १९२८ मध्ये ते ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयाने विकत घेतलं. जर्मनीत तोवर मुंकला नव्या कलेचा पूर्वज मानलं जात होतं. १९१२ च्या कोलोनमधल्या झोंडरबुंड प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन देऊन बत्तीस चित्रं लावली होती. १९३३ मध्ये त्याच्या सत्तरीला गोबेल्सने अभिनंदनाची तारही पाठवली. चार वर्षांत वारं फिरलं. १९३७ मध्ये नात्सी राजवटीने ‘विकृत कला’ म्हणून मुंकच्या ८२ कलाकृती जर्मन संग्रहालयांतून उतरवल्या, त्यात हे चित्रही. परकीय चलन हवं म्हणून ते बाहेर विकण्यात आलं. २३ जानेवारी १९३९ रोजी ओस्लोत हाल्वोर्सेन या चित्रविक्रेत्याने लिलाव केला. थॉमस ओल्सेन या जहाजमालकाने चित्र घेतलं आणि त्याच वर्षी लंडनच्या टेट संग्रहालयाला भेट दिलं. आजारी मुलीच्या हातावर हात ठेवून बसलेली बाई. यात त्या राजवटीला विकृत काय दिसलं असेल? कागदावर कारण एका शब्दाचं आहे. मला वाटतं, जे दुबळं आहे त्याच्याजवळ कुणी इतकं प्रेमाने बसावं हेच त्यांना सोसवलं नाही.

मुंक २३ जानेवारी १९४४ रोजी ओस्लोजवळच्या एकेली इथल्या घरी वारला, त्या लिलावानंतर बरोबर पाच वर्षांनी. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. घरातली सगळी चित्रं, छापचित्रं, कागद त्याने ओस्लो शहराला लिहून दिले होते.

त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंत वेताने विणलेली एक खुर्ची होती. सोफी जिच्यात गेली ती. १८९३ च्या ‘आजाऱ्याच्या खोलीतला मृत्यू’ या चित्रात ती खुर्ची पाठमोरी आहे, तिच्यात बसलेली सोफी आपल्याला दिसत नाही. ‘आजारी मूल’मध्ये उलट आहे. मुलगी दिसते आणि उशीने खुर्ची झाकून टाकली आहे. घरं बदलली, देश बदलले, तरी मुंकने ती खुर्ची आयुष्यभर जवळ ठेवली. आज ती ओस्लोच्या मुंक संग्रहालयात आहे.